गहिनीनाथ बॅकची धास्ती

गहिनीनाथ फुटबॉल शिकला तो उसाच्या फडाशेजारी. दिवाळी झाली की त्याचे आई-बाप वडवणीकडचं घर बंद करून, बैलगाडीवर संसार लादून कोल्हापूरच्या बाजूला ऊसतोडीला जायचे. तिथं त्यांच्या पाचटाच्या कोप्यांपासून, म्हणजे झोपड्यांपासून, हाकेच्या अंतरावर गावातल्या तालमीची पोरं संध्याकाळी चेंडू बडवायची. पुढं पळून गोल मारायची हौस सगळ्यांनाच होती, मागं थांबायची कुणालाच नव्हती. म्हणून ऊसतोड्याच्या या पोराला त्यांनी हाक मारली आणि बॅक म्हणून गोलासमोर उभं केलं. गहिनीनाथ तिथं उभा राहिला आणि पुढची पंधराएक वर्षं तिथून हलला नाही.

मागं उभं राहणाऱ्याला एक खोड जडते. समोरचा गडी कुठून घुसेल, आपला हाफ कुठं चुकेल, गोलीचा पाय नेमका कधी घसरेल, हेच त्याच्या डोक्यात चालू असतं. गहिनीनाथची ती खोड मैदानापुरती राहिली नाही. एसटीत बसला की त्याची नजर पहिल्यांदा टायरवर जायची. त्याची बायको सावित्रीबाई म्हणायची, "ढग आला की लोकाला पाऊस दिसतो, आमच्या मालकाला वीज पडलेली दिसती."

पण याच खोडीनं त्याला नाव दिलं. तालमीनं त्याला आपल्या संघात घेतलं, बूट दिले, ऊस तोडायच्या दिवसांत खेळायला गेला तरी मजुरी बुडू नये अशी सोय लावली. भले भले फॉरवर्ड त्याच्यापाशी येऊन अडायचे. मग एका सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. मध्यंतराला वस्ताद जवळ आले, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "चालंल का?" गहिनीनाथ म्हणाला, "चालंल." एवढ्या लोकांसमोर कोण नाही म्हणतं? उत्तरार्धात त्याच पायावर एक गडी येऊन आदळला, आणि तो गुडघा पुन्हा कधी पुरता वाकला नाही. तालमीनं नारळ, फेटा देऊन त्याचा सत्कार केला. वस्ताद एसटी स्टँडपर्यंत पोचवायला आले होते. बस हलेपर्यंत दोघांपैकी कुणी पायाचं नाव काढलं नाही.

तो गावी आला त्याच सुमारास वडवणीच्या बाजूला हिवरेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. गहिनीनाथला गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत ओढून घेणाऱ्या पट्ट्यापाशी, काम मिळालं. कारखान्याचे चेअरमन भगवानराव हौशी माणूस. पश्चिमेकडच्या कारखान्यांचे संघ आहेत, मग आपला का नको, असं त्यांनी मनावर घेतलं आणि कोल्हापुरात खेळून आलेल्या या लंगड्या माणसाला मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणजे शिकवणारा तोच, चेंडूत हवा भरणारा तोच आणि पोरांच्या बायकांची बोलणी खाणाराही तोच.

संघ जमला. पोरं गहिनीनाथला नाना म्हणायची. त्यात सगळ्यांत तेज गडी होता सिदू. तोही ऊसतोडीच्याच घरचा, पायात वारा भरल्यासारखा पळायचा. चेंडू त्याच्याकडं गेला की कामगार बिडी विझवून उभे राहायचे. गहिनीनाथला मात्र तो पळताना बघून आनंद कमी आणि काळजी जास्त वाटायची. एवढं पळणारं पोर एक दिवस कुठंतरी आदळणार, असं त्याला वाटत राहायचं.

शहाऐंशीच्या दुष्काळात कारखान्याला ऊसच मिळेना. गाळप संक्रांतीच्या आतच आटोपलं. विहिरींचे तळ दिसायला लागले, गावोगाव टँकर फिरू लागले आणि त्या पाण्यानं उलटी-हगवणीची साथ आली. शेजारच्या तांड्यावरची दोन धडधाकट माणसं एका आठवड्यात गेली. तशात बार्शीला कारखान्यांच्या स्पर्धा होत्या आणि हिवरेश्वरचा संघ कसाबसा अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. भगवानरावांनी गहिनीनाथला बोलावून घेतलं.

"गहिनीनाथ, औंदा आपल्यापाशी सांगायला काहीच न्हाई. ऊस न्हाई, साखर न्हाई. ढाल तेवढी आण. लोकांना निदान एक तरी चांगली गोष्ट ऐकू दे."

"प्रयत्न करू साहेब," तो म्हणाला.

सामन्याच्या दिवशी सकाळी ट्रक निघायच्या आधी तो कामगारांच्या वस्तीवर गेला. टँकरपाशी घागरी घेऊन बायकांची झुंबड होती. त्यातून सिदूची बायको कडूबाई बाहेर आली. पदर पुढं ओढून, इकडं तिकडं बघत ती म्हणाली, "नाना, एक सांगू का? त्यास्नी काल रातच्यापासून पोटाचा तरास हाय. सारखं उठत होते. मी सांगितलं म्हणून सांगू नका, मला जित्ती ठिवणार न्हाईत."

"मग तू अडीव की त्याला."

"माझं ऐकत्येत व्हय? तुमीच बघा आता."

गहिनीनाथ ट्रककडं चालत गेला, तेवढ्या वाटेत त्यानं दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. सिदूला घरी ठेवावं तर पुढं खेळायला त्याच्या तोडीचा दुसरा गडी नाही. न्यावं तर उन्हाचं काय करावं? सिदू ट्रकच्या फाळक्यावर बसून पाय हलवत होता. तोंड उतरलेलं होतं, पण ते तर त्या उन्हाळ्यात सगळ्यांचंच होतं.

"तब्येत बरी हाय का रे?"

"मला काय धाड भरली?" सिदू म्हणाला.

गहिनीनाथनं त्याला नेलं. पुढं जे झालं त्याचा विचार करताना त्याला नेहमी हीच जागा टोचायची. तिथंच नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं त्यानं म्हटलं नाही.

बार्शीच्या मैदानावर उन्हाच्या झळा दिसत होत्या. भगवानराव मंडपात पाहुण्यांशेजारी बसले होते. समोर सोलापूरकडच्या एका कारखान्याचा संघ होता, दांडगा, खाऊन-पिऊन सुखी. तरी सिदूनं पूर्वार्धातच दोन गड्यांना चकवून गोल मारला. हिवरेश्वरहून आलेल्या माणसांनी टोप्या उडवल्या. गहिनीनाथ गोल झालेला बघतच नव्हता. तो सिदूकडं बघत होता. सगळे घामानं निथळत होते आणि सिदूचा सदरा पाठीवर कोरडा दिसत होता. का ते नुसतं उन्हामुळं तसं वाटत होतं?

मध्यंतराला त्यानं मीठ-साखर घातलेलं पाणी सिदूपुढं धरलं. सिदूनं दोन घोट घेतले आणि भांडं बाजूला केलं.

"चालंल का?" गहिनीनाथनं विचारलं.

"चालंल."

ते उत्तर ऐकलं आणि त्याच्या गुडघ्यात कळ आल्यासारखं झालं. उत्तर काय येणार हे त्याला विचारायच्या आधीच ठाऊक होतं. मग विचारलं कशाला? खेळणारा कधीच नाही म्हणत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी म्हणायचं असतं.

खेळ पुन्हा सुरू झाला. सिदू एकदा पळाला, थांबला, गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मग पुन्हा पळाला. गहिनीनाथला तांड्यावरच्या त्या दोन तिरड्या दिसल्या. त्यानं हात वर केला, पंचाला बदली सांगितली आणि सिदूला बाहेर बोलावलं.

सिदू आला तोच शिव्या देत. "कावून काढलं मला? काय झालंय मला? एका गोलानं म्होरं हाय आपण, दिसंना का तुमाला?"

"बस खाली. निंबाच्या सावलीला बस."

"सांगा की, कावून?"

कडूबाईचं नाव त्याच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. "मला वाटलं म्हणून," तो म्हणाला.

त्यानंतर हिवरेश्वरचा संघ पुढं गेलाच नाही. समोरच्यांनी एक गोल फेडला, आणि सामना संपता संपता दुसरा चढवला. भगवानराव मंडपातून उठले, गहिनीनाथच्या शेजारून गेले, पण त्याच्याकडं बघितलं नाही.

परतताना दिवस मावळायच्या वेळी ट्रक मांजरसुंब्याला ढाब्यापाशी थांबला. सिदू एकटा जाऊन बसला आणि त्यानं भाकरी मागवली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली, रश्शात कुस्करून तिसरीही खाल्ली. बाकीचे गडी आधी सिदूकडं आणि मग गहिनीनाथकडं बघत राहिले. गोली असलेला वैजिनाथ शेवटी म्हणाला, "नाना, असला आजारी रोज भेटावा." कुणीतरी हसलं. गहिनीनाथपुढची भाकरी तशीच राहिली. आपण चुकलो का, हे त्याला त्या ताटावर कळेना आणि नंतरही कधी कळलं नाही. सिदूला काही झालं नाही. आत ठेवला असता तर झालं असतं का, ते कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी विचारलं, "त्याला काढायचं कारण काय?"

"मला भ्या वाटलं साहेब."

"भ्या वाटणाऱ्यानं घरी बसावं."

मॅनेजरकी गेली. गहिनीनाथ पुन्हा गव्हाणीवर आला, पण गव्हाणच बंद होती. मैदानावर जनावरांची छावणी पडली, संघ फुटला. सिदू बायकोला घेऊन कोल्हापूरकडं तोडीला गेला, तो जाताना भेटायलाही आला नाही. सावित्रीबाईनं एकदा विचारलं, "कडूबाईनं सांगितलं हुतं, एवढं बोलायला काय झालं हुतं तुमाला?"

"तिनं नको म्हणलं हुतं."

"आन् म्हणून तुमी समद्यांचं ऐकून घेतलं?"



पुढं दोन वर्षांनी पाऊस चांगला झाला. उसाच्या गाड्या कारखान्याच्या दारात लागल्या. भगवानरावांना पुन्हा संघ आठवला. सिदूही परत आला होता. त्याला त्यांनी कप्तान हो म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी सिदू गहिनीनाथच्या दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"कडूनं सांगितलं मला," तो म्हणाला. "कोपीवर भांडण झालं आमचं, तवा बोलली. तुमी का न्हाई बोलले बे, इतके दिवस?" वडीलधाऱ्याला बे म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं आणि तो वरमला. "चुकलं नाना."

"बस की."

"बसत न्हाई. मला अजून वाटतं, मी खेळलो असतो. ढाल आपली हुती."

"आसंल."

"पर तिकडं तालमीकडनं खेळायचो, तिथल्या वस्तादानं माझ्याकडं बघितलंबी न्हाई. ताप अंगात असताना खेळलो. कुणाला काय पडलीय?" सिदू उंबऱ्याकडं बघत होता. "मी साहेबाला सांगितलंय. कप्तान हुतो, पर मॅनेजर नाना पायजेत. त्ये म्हणले, त्यो लई भिणारा हाय. मी म्हणलं, असू द्या."

गहिनीनाथला लगेच हो म्हणता येईना. रात्रभर विचार करतो, म्हणाला. सकाळी मात्र तो उठून मैदानावर गेला. छावणी उठून बरेच दिवस झाले होते, पण जनावरं बांधायच्या खुंट्या गवतात जागोजागी तशाच राहिल्या होत्या. पळताना एखाद्याचा पाय अडला तर? तो खाली बसला, दुखरा पाय एका बाजूला पसरला आणि पहिली खुंटी हलवून बघायला लागला.