पाहुण्यांचा दुभाषी

पद्माकर आढावला पाळक व्हायचं होतं. धर्मशास्त्राची पदवी भिंतीवर टांगून मिरवायचं नव्हतं त्याला. एका चर्चच्या मंडळीचा पाळक व्हायचं होतं, तिची लग्नं लावायची होती, तिची तान्ही पोरं बाप्तिस्म्याला हातात घ्यायची होती, तिची म्हातारी माणसं मातीआड करायची होती. पण त्यांच्या पंथाची रीत अशी, की तुम्ही बायबल कॉलेजात पाहिजे तेवढी वर्षं घासा, हिब्रू शिका, ग्रीक शिका, जोवर एखादी मंडळी आपणहून तुम्हाला बोलावत नाही तोवर दीक्षा नाही. आणि दीक्षा नाही तर प्रभुभोजनाची भाकर मोडायचा अधिकार नाही. तुम्ही आपले 'ब्रदर'. केस पिकले तरी ब्रदरच.

गाझियाबादेत पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत तो खरेदी खात्यात होता. पुण्या-मुंबईची पोरं नव्या नव्या कंपन्यांत नोकरीला दिल्लीकडे धावत यायला लागली, त्याच सुमाराला ह्या गृहस्थाने हातातली नोकरी सोडली. एका संजीवन सभेत त्याला पाचारण झालं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं. कल्पना तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. नुकती ड्युटीवरून आलेली, पाय सुजलेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अच्छा. तुम्हाला देवाने बोलावलं. आणि घर चालवायला कुणाला बोलावलंय?"

त्याने तिच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली.

"मलाच ना," ती म्हणाली. "जा, शिका. पण अर्धवट सोडून येऊ नका."

पुढची सगळी वर्षं त्या बाईने घर ओढलं. सासरे शेवटच्या आजारात गाझियाबादला आले, त्यांचं सगळं अंथरुणातलं तिनेच केलं. हे सासरे, हणमंत मास्तर, म्हणजे राहुरीकडच्या मिशनच्या शाळेतले मास्तर. जन्मात दारूला शिवले नाहीत. एवढंच नाही, लग्नघरात कुठे दारूचा वास आला तर हा माणूस भरल्या ताटावरून उठून चालायला लागायचा, मग ते सख्ख्या भावाचं घर का असेना. दिल्लीच्या मराठी मंडळीतली जुनी माणसं त्यांना चांगली ओळखून होती. ते गेले तेव्हा पद्माकर पहिल्या वर्षाला होता.

कॉलेज गुडगावच्या पुढे, मानेसरच्या रस्त्याला. तेव्हा तिथे सरसोंची शेतं होती आणि शेतांच्या मधोमध बिल्डरांच्या पाट्या उभ्या होत्या. कॉलेजची इमारतही नवीकोरी, चॅपेलला थेट संगमरवरी फरशी. ही इमारत ज्यांच्या कृपेने उभी राहिली ते परदेशी पाहुणे दर थंडीत यायचे. उन्हाळ्यात देवाचं कार्य करायला कुणी येत नसे. यायचे, आग्र्याला जाऊन ताजमहाल बघायचे, चार दिवस उपदेश करायचे, आणि फोटो काढून परत जायचे.

पहिल्याच थंडीत एका पाहुण्याचा दुभाषी आजारी पडला. प्राचार्यांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. त्यांनी वर्गात विचारलं, इंग्रजीची हिंदी कोण करेल. पद्माकर उभा राहिला. झालं. तिथेच त्याचं नशीब फिरलं, आणि त्याला वाटलं देव प्रसन्न झाला.

काय करायचा तो, म्हणून सांगावं. पाहुणा सांगत होता, त्याच्या गावच्या तळ्यात त्याची बोट कशी नांगर तुटून वाहवत गेली. समोर बसलेली माणसं मजूर, ड्रायव्हर, घरकामाच्या बाया. त्यांनी कुठली बोट बघितलेली? पद्माकरने बोटीचा हँडपंप केला. वायसर गेलेला हँडपंप, दांडा हलवून हलवून हात भरून येतात आणि पाणी काही चढत नाही. बाया पदर डोळ्यांना लावून रडल्या. पाहुण्याला वाटलं, आपल्या बोटीवर रडताहेत. खूश होऊन गेला बिचारा.

डॉक्टरसाहेबांनी मग त्याला नीट तयार केला. त्यांचा एक नियम होता. दुभाष्याने 'हे असं म्हणतात' म्हणायचं नाही. पाहुणा 'मी' म्हणाला की तूही 'मी' म्हण. "तुम्हें गायब हो जाना है," ते म्हणायचे. पद्माकर आज्ञाधारक. तो इतका गायब झाला की पाहुण्याच्या आवाजाचा चढउतारसुद्धा त्याच्या गळ्यात यायचा. एक धिप्पाड पाहुणा दरवर्षी यायचा आणि दरवर्षी एकच साक्ष द्यायचा: त्याचा बाप दारुडा होता, आईला मारायचा, आणि एका रविवारी त्याने बाटली फोडून टाकली. ही साक्ष म्हणजे हमखास. पद्माकर ती सांगायला लागला की चॅपेलमध्ये हुंदके सुरू व्हायचे. "मेरा बाप शराबी था," तो म्हणायचा, आणि खरोखर त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता इतर विद्यार्थी रविवारी काय करत? वस्त्यांत जात, कुणाच्या अंगणात दहा माणसांपुढे उपदेश करत, अडखळत, चुकत, लोकांच्या जांभया बघत. शिकायचं ते असं. पद्माकर रविवारी पाहुण्यांबरोबर. उपदेशाच्या सरावाची हजेरी राहिली तेव्हा तो भीत भीत डॉक्टरसाहेबांकडे गेला. ते हसले. "तुम तो रोज़ बोलते हो, भाई. तुम्हें प्रैक्टिस की क्या ज़रूरत?" आणि हजेरी लावून टाकली. कॉलेजला त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि त्यालाही नाही. उलट घरी येऊन त्याने हे कौतुकाने सांगितलं. कल्पनाने विचारलं, "पण तुम्ही स्वतः काय बोलता तिथे?" त्याला प्रश्नच कळला नाही.

पदवी झाली. बरोबरीच्या पोरांना एकेका मंडळीचं बोलावणं आलं, कुणी मेरठला गेला, कुणी रोहतकला. पद्माकरला कॉलेजने ठेवून घेतलं. थंडी आली की पाहुणे, आणि उन्हाळ्यात पाहुण्यांच्या पुस्तकांची भाषांतरं. दर वर्षी तो विचारायचा आणि दर वर्षी डॉक्टरसाहेब म्हणायचे, देवाची वेळ अजून आली नाही. देवाची वेळ आपल्या खिशात असल्यासारखं बोलतात ही माणसं, चीड येते.

मग एकदाची संधी आली. दिल्लीच्या मराठी मंडळीचे म्हातारे पाळक निवृत्त होणार होते. मंडळी काही फार मोठी नव्हे. जुन्या दिल्लीकर मराठी ख्रिस्ती घरांची, आणि आता गुडगावच्या कंपन्यांत कामाला आलेल्या पोरापोरींची. एका चर्चची इमारत रविवारी दुपारी उसनी घेऊन जमायची. पद्माकर ह्याच मंडळीत लहानाचा मोठा नसला तरी मोठ्याचा प्रौढ झालेला. मंडळीचे सेक्रेटरी अविनाश गुडगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर. त्यांनी दोन उमेदवार ठरवले आणि दोघांना एकेक रविवार दिला. एक पद्माकर, दुसरा पुण्याहून आलेला प्रसन्न, त्याच कॉलेजात चार वर्षं मागे असलेला पोरगा. उपदेश ऐकायचा आणि मग मंडळीने मत द्यायचं.

"मराठीत बोलायचंय," अविनाश फोनवर म्हणाले. "तुमच्यासाठी तर घरचंच मैदान आहे, यार."

सगळ्यांनाच तसं वाटत होतं. कल्पनाने सुट्टी घेतली, मोरपंखी साडी नेसली, उपासनेनंतरच्या चहाबरोबर वाटायला डबा भरून करंज्या केल्या. इतक्या वर्षांत तिला कुणी विचारलं की "मिस्टर काय करतात?" तर ती "कॉलेजात असतात" म्हणून विषय बदलायची. आज तिचे मिस्टर व्यासपीठावर जाणार होते. ती पुढून दुसऱ्या बाकावर बसली, प्रभाबाईंच्या शेजारी. प्रभाबाई म्हणजे मंडळीतल्या सगळ्यात ज्येष्ठ, राहुरीच्याच, हणमंत मास्तरांच्या हाताखाली शिकलेल्या.

पद्माकर उठला, आणि व्यासपीठाच्या मागे न जाता एक पाऊल डावीकडे उभा राहिला. दुभाषी उभा राहतो तिथे. त्याचं त्यालाच कळलं तेव्हा तो सरकला. शास्त्रपाठ वाचला. पहिलं वाक्य बोलला. चांगलं वाक्य होतं. आणि थांबला.

वाट बघत थांबला. कुणाची, ते त्या सभागृहात एकट्या कल्पनाला कळलं असेल. मग दुसरं वाक्य, आणि पुन्हा थांबला. लोकांना वाटलं, विसरला. मागच्या बाकावरची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तयारी त्याने महिनाभर केली होती, मुद्दे पाठ होते, पण मुद्द्यांना अंग फुटेना. कुणीतरी आधी काहीतरी म्हणावं आणि आपण ते फुलवावं, ही त्याची सारी विद्या. त्याच्या आधी आज कुणी काही म्हणत नव्हतं. आणि बुडता माणूस हाताला लागेल ते धरतो तसं त्याच्या तोंडाला जे लागलं ते त्याने धरलं.

"माझा बाप दारुडा होता," तो म्हणाला.

आणि सुटला. आता कुठे थांबणं नाही, अडखळणं नाही. बाप आईला कसा मारायचा, पोरं पलंगाखाली कशी लपायची, बाटली कशी फुटली. आवाज चढला, उतरला, डोळ्यांत पाणी आलं. मागची पोरं सावरून बसली. गुडगावच्या दोघी-तिघींनी रुमाल काढले. कल्पना मात्र ताठ बसून राहिली. ज्या माणसाची अखेरची आंघोळ तिने घातली होती, तो तिच्या डोळ्यांदेखत दारुडा आणि बायकोला मारणारा झाला होता. आणि करत कोण होता, तर त्याचा मुलगा, देवाच्या घरात, पवित्र शास्त्रावर हात ठेवून.

प्रभाबाई काठी टेकून उठल्या. उपासना चालू असताना त्या उठल्या हेच मंडळीने पहिल्यांदा पाहिलं.

"पद्माकर," त्या म्हणाल्या, "कुणाबद्दल बोलतोयस तू?"

त्याने तोंड उघडलं. कळलं त्याला. 'हे माझं नाही, पाहुण्याचं आहे' एवढं म्हणायचं होतं. पण व्यासपीठावरून 'मी' म्हणून सांगितलेली साक्ष आपली नाही असं सांगणार कसं? सांगितलं तर खोटारडा, न सांगितलं तर बापाचा वैरी. त्याने पवित्र शास्त्र मिटलं. शेवटी अविनाशनी पुढे येऊन शेवटचं गीत सुरू केलं. करंज्यांचा डबा कल्पनाने तसाच घरी आणला.

मंडळीने प्रसन्नला बोलावलं. पोरगा काही मोठा वक्ता नव्हता. बरा बोलला, दोनदा चुकला, चुकल्यावर हसला. लोकांना तेवढं पुरे होतं.

दीक्षेला डॉक्टरसाहेबांनी परदेशी पाहुणा आणला, आणि पाहुणा म्हणजे दुभाषी आलाच. "जाऊ नका," कल्पना म्हणाली. "तुम्हाला स्वतःची काही चाड आहे की नाही?" तो म्हणाला, डॉक्टरसाहेबांना शब्द दिलाय. ती मग त्याच्याबरोबर गेली, शेवटच्या बाकावर बसली. प्रभाबाई त्याच्याकडे न बघता पुढे गेल्या.

पाहुण्याने प्रसन्नच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत बोलला. पद्माकरने ते मराठीत केलं, "मी तुला ह्या मंडळीचा पाळक म्हणून नेमतो." मग पाहुणा मंडळीकडे वळला, आणि पद्माकरने विचारलं, "तुम्ही ह्याला आपणहून बोलावलं आहे काय?"

"होय, आम्ही बोलावलं आहे," मंडळी एका आवाजात म्हणाली.

आता हे पाहुण्याला इंग्रजीत सांगायचं होतं. सगळं चर्च त्याच्याकडे बघत थांबलं. ज्या एका वाक्यासाठी त्याने नोकरी सोडली, बायकोला झिजवली, ते वाक्य त्याला दुसऱ्याच्या नावाने बोलायचं होतं, तेही 'आम्ही' म्हणून. तो बोलला. स्पष्ट, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. बाहेर पडताना डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली, "आज तो कमाल कर दिया," आणि पुढच्या पाहुण्यांच्या तारखा सांगितल्या.

गाझियाबादच्या बसमध्ये दोघं शेजारी बसली. यमुनेचा पूल गेला तरी तो पुढच्या पाहुण्यांच्या तारखाच बोटांवर मोजत होता.

"अहो," कल्पना म्हणाली. "मास्तरांचं जाऊ दे. मंडळीचं जाऊ दे. माझ्याशी तरी काहीतरी बोला. तुमचं स्वतःचं."

त्याने तिचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाला, "देव दार लावतो तेव्हा आपल्याला घरात ठेवण्यासाठीच लावतो."

कल्पनाने त्याच्याकडे बघितलं. "हे कुणाचं?"

"आठवत नाही," पद्माकर म्हणाला.