पहिला घोट काकूंचा

सुमनकाकू कुणालाही काही प्यायला द्यायच्या ते आधी स्वतः घोटभर पिऊनच. बोरगाव मेघेत त्या आमच्या शेजारी एकट्या राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. करोनाच्या काळात त्यांनी अंगणातल्या कडुनिंबावर गुळवेल चढवली आणि रोज सकाळी तिचा काढा गल्लीत वाटू लागल्या. कंपाउंडच्या भिंतीवर स्टीलचे पेले मांडून म्हणायच्या, "आधी मी, मंग तुमी. मास्तरीण हाय, फसवनार नाई."

करोना गेला, काढा राहिला. लोक टाळू लागले. उरलेलं फेकणं काकूंना पाप वाटे, म्हणून सगळ्यांच्या वाट्याचा काढा त्याच पीत. मी नुसती मान हलवून नको म्हणायची.

"काऊन व पोरी, जीभ इंग्लिश शाळेतच ठेवून आली का?"

गेल्या उन्हाळ्यात त्यांची भूक मेली. मग डोळे पिवळे झाले. कावीळ आहे म्हणून त्यांनी काढा आणखी दाट केला. शेवटी आईनं मला त्यांच्याबरोबर दवाखान्यात पाठवलं.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?"

"गोळीले हात नाई लावत मी. बीपी नाई, शुगर नाई."

त्या खोटं बोलत नव्हत्या. काढ्याला त्या औषध मानतच नव्हत्या. डॉक्टर पुढे लिहू लागले. अनोळखी माणसासमोर मी सहसा बोलत नाही. तरी म्हटलं, "गुळवेलीचा काढा पितात. रोज. खूप."

काकूंनी डोळे वटारले. "तो का औषध हाय? झाडाचा हाय तो."

डॉक्टरांचा पेन थांबला. "यकृताला मोठी सूज आहे. बाकी कारणं तपासू, पण काढा आजपासून बंद. असाच चालू राहिला तर जिवावर बेतेल."

बाकी तपासण्यांत काही निघालं नाही. काढा सुटला आणि पावसाळाभरात डोळ्यांचा पिवळेपणा उतरला.

बऱ्या झाल्यावर काकूंनी विळ्यानं वेल तोडली आणि मला घेऊन घरोघरी सांगत फिरल्या. कोपऱ्यावरचे काका ओट्यावर काढ्याचं पातेलं ठेवून बसले होते. म्हणाले, "मी त तुमच्याच वेलीची काडी लावली, तिचाच पेतो, बाई. मले काई नाई झालं."

"मलेही आदल्या दिवशीपरेंत काई नोतं." काकूंनी पातेलं उचललं आणि नालीत ओतलं.

परतताना त्या माझ्याकडे वळल्या. "आधी मी पेली, म्हनून आधी मले झालं. नियम बरोबरच होता ना, पोरी?"