आग कोणी धरली?

अमेरिकेत लढाई जुंपली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि आम्ही अमरावतीहून अकोल्याला आलो. आमच्या ह्यांना एका गोऱ्या साहेबाच्या वखारीत दुभाष्याची जागा मिळाली होती. इंग्रजी बेताचंच. त्या भाषेत कोणतं नाम कोणत्या क्रियापदाशी नांदतं, ते मास्तरांकडून शिकून येत आणि घरी घोकत: टेक बाथ, मेक मिस्टेक, कॅच थीफ, सेट फायर. मी डाळ निवडता निवडता ऐके. माझंही पाठ झालं.

एक दिवस वखारीत कापसाच्या गाठींना आग लागली. रखवालदाराने पेटती गाठ ओढून बाहेर काढली, म्हणून बाकीच्या वाचल्या. साहेबाने विचारलं, "हाऊ डिड इट कॅच फायर?"

कॅच म्हणजे पकडणे, एवढंच ह्यांना ठाऊक; त्यात 'हाऊ'चं 'हू', म्हणजे कोण, असं ऐकलं. रखवालदाराला म्हणाले, "साहेब इचारते, आग कोनं धरली?"

"मीच धरली जी." त्याने हात पुढे केले. तळव्यांची कातडी सोलली होती. "दोनी हातानं."

आगीसाठी ह्यांच्याकडे शब्दांची एकच जोडी होती. "ही सेट फायर, सर."

त्याला बेड्या घालून नेलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सांगितलं, कॅच फायर म्हणजे आग लागणे, सेट फायर म्हणजे लावणे. जेवताना हे मला ती गंमत सांगून हसले.

"मंग साहेबाले सांगून टाका ना," मी म्हणाले.

"काय सांगू? मले इंग्रजी येत नाई मनून? भाकर वाढ."

मी भाकर वाढली. मग जुन्या शहरात गेले आणि तिथे भाजी विकणाऱ्या रखवालदाराच्या बायकोला सगळं सांगितलं. ती टोपली टाकून वखारीवर धावली. मागोमाग मी.

"खोटारड्या! माह्या नवऱ्यानं आग इझवली अन् तुनं त्याले आगलाव्या केलं! सांग साहेबाले, सांग!"

साहेब बाहेर आला. ही काय म्हणते, असं त्याने ह्यांनाच विचारलं. दोन्ही भाषा येणारं तिथे दुसरं होतं कोण?

"शी बेग्स पार्डन, सर."

ही जोडी बिनचूक होती. साहेबाने नकारार्थी हात हलवला आणि शिपायांनी तिला दंड धरून फाटकाबाहेर काढलं.

"काय सांगतलं जी त्यानं, बाई?" तिने मला विचारलं.

"तू माफी मागून राह्यली, असं."

ती पुन्हा फाटकाकडे वळली. "मंग करते काय साहेब माफ?"

"नाई," मी म्हणाले.