पाद्रीबाबांचं ताट

मोएलागीच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. त्यात चर्चमध्ये गाण्याला पहिला आवाज तिचाच, म्हणून अनेकींचा जळफळाट व्हायचा. नवऱ्याची कबर, सगळ्यांच्या असतात तशी, घरासमोर अंगणातच होती. तिच्यावर बसून ती चटया विणायची आणि गावातल्या सगळ्या भानगडी त्याच्या कानावर घालायची.

त्या सोमवारी चर्चची अख्खी मंडळी शेजारच्या आपोलीमा बेटावर सेवेला जाणार होती. भुकेल्यांना जेवू घालायचं, आजाऱ्यांची विचारपूस करायची, गाणी म्हणायची. तालमी जोरात चालल्या होत्या. आणि इथं ओढ्यापलीकडं फिलेमू अंगावरचं पोर घेऊन एका पडक्या खोपटात उपाशी राहत होती. तिच्या नवऱ्यानं भांडणात गावचा पंच लेफाऊ याच्या भावाचं डोकं फोडलं आणि तो पळाला. पंचांनी बायकोला गावाबाहेर काढलं. तिला अन्न देईल, तिच्याशी बोलेल, तोही गावाबाहेर. पोर रडायला लागलं की ह्या मेल्यांना सूर लागत नाही म्हणून राग यायचा.

मोएलागी पाद्रीबाबा योआपोंना जाऊन बोलली. त्यांनी मान खाली घातली. पंचांच्या निकालात आपण कसं पडणार, म्हणाले.

रविवारी पाद्रीबाबांना जेवण द्यायची पाळी तिची होती. तिनं तापल्या दगडांची भट्टी उघडली, टारोचे कंद, भाजलेले नीरफणस, नारळाच्या दुधात शिजवलेली पानं आणि डुकराचं मांस ताटात भरलं आणि पाद्रीबाबांच्या घरावरून सरळ पुढं निघाली.

ओढ्यावर लेफाऊ आडवा आला. पंचांचा म्होरक्या तोच, चर्चचा मोठा डीकन, म्हणजे कारभारीही तोच.

"काकी, घर मागं राहिलं."

"मला डोळे आहेत."

"ओढा ओलांडलास तर परत यायचं नाही. काकांची कबर कोण बघेल?"

आयुष्यात तिला भीती होती ती एवढीच.

"कबरीलाही वाळीत टाक," ती म्हणाली. "तेवढंच राहिलंय." आणि पाण्यात उतरली.

इकडं पाद्रीबाबांच्या घरी बाकीचे डीकन मांडी घालून ताटकळत होते. पाद्रीबाबांनी पहिला घास घेतल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नाही. लोकांनी आपापली ताटं पुढं केली, ती त्यांनी नाकारली.

"माझं ताट जिथं गेलंय तिथं जेवेन," म्हणाले आणि चालू लागले. मग काय, पोटात कावळे ओरडत असलेली सगळी मंडळी चरफडत मागोमाग. पाद्रीबाबा फिलेमूशेजारी जमिनीवर बसले, तिच्या हातात टारो दिला आणि मग स्वतः घास घेतला.

"उशीर केलात," मोएलागी म्हणाली. "गार झालं सगळं."

एकेक जण खाली बसला. लेफाऊ तेवढा अलीकडच्या काठावर उपाशी उभा राहिला.

पाद्रीबाबांना आणि अख्ख्या मंडळीला काढणार कसं, म्हणून सोमवारी पंचांनी एकट्या मोएलागीला बाहेर काढलं. आपोलीमाची होडी राहिली ती राहिलीच. दर रविवारी आता पाद्रीबाबांचं ताट ओढा ओलांडतं. निघण्याआधी बायका तिच्या नवऱ्याची कबर झाडतात, फुलं वाहतात. कोणती वाहिली, हे ती आधी विचारते.

"लाल? त्यांना पांढरी आवडायची. एवढं लक्षात राहत नाही आणि निघाल्या होत्या जगाची सेवा करायला."

मग ती गावाकडं पाठ करून चटई विणायला बसते.