फेसाचं यंत्र

दुपारचं जेवण झालं की येसूबाय खुर्चीत पाय लांब करून बसते आणि समोरच्या काचेच्या पेटीकडे बघते. शिळी कोळंबी ताजी म्हणून खपवणाऱ्या बाईकडे ती जन्मभर जशी बघत आली, तशीच. पेटीत खारं पाणी, पाण्यात दोन दगड, दगडांमागे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन शेंदरी मासे. दोन्ही मिळून एका घासाचे नाहीत. रेवदंड्याच्या बाजारात मासळीची पाटी लावून जिने आयुष्य काढलं, तिच्याच घरात मासे पोसले जातात, म्हणून कोळीवाडा अजून हसतो.

पेटी तिच्या नवऱ्याची, हासूरामची. गुडघे गेले, होडी विकली आणि हे खूळ घरात आणलं. दिवाळीच्या आधी तो गेला. पाणी मात्र त्याच्याही आधीपासून आजारी आहे. वर तेलकट साय, आत पिवळट धुरकटपणा. आता मासे वर येऊन नुसतं तोंड उघडमीट करतात.

अलिबागचा दुकानदार निनाद पाच वाजता येणार आहे. फोनवर त्याने सांगून ठेवलंय, "आजी, प्रोटीन स्किमर लागेलच. पाण्यातली घाण तो फेसाबरोबर वर चढवतो आणि वरच्या वाटीत टाकतो. तीन तऱ्हेचे आणतो, परवडेल तो घ्या. नाहीच घ्यायचा तर पेटी न् मासे मी परत नेतो. पण आज ठरवा. असं ठेवलंत तर उद्या मेलेले सापडतील."

"ने म्हणावं," येसूबाय स्वतःशी पुटपुटते. "जागा तरी मोकळी होईल."

पेटीचा पंप गुणगुणतो. पापण्या जड होतात. गुणगुण लांब जाते, होडीच्या इंजिनासारखी परत जवळ येते, आणि पाण्याच्या पलीकडून कोणीतरी म्हणतं, "नेऊ नको देऊस."

काचेपलीकडे हासूराम बसलाय. डोक्याला लाल टोपी, दाढी वाढलेली, पाय मात्र नीट दुमडलेले.

"मेल्या," येसूबाय म्हणते.

"ते तर झालोच."

"आता बरे गुडघे दुमडतात. माझी आठवण आली म्हणून आलास?"

"आली ना. पण आधी मासे बघ."

"ते आलंच. माझा नंबर कधी पहिला होता?"

तो उठतो आणि स्वयंपाकघरात जातो. ती त्याच्यामागे उंबरा ओलांडते तर पायाखाली ओली वाळू. होड्या लागल्यात, लिलाव चालू आहे, बायका पदर खोचून ओरडतायत. पण पाट्यांमध्ये सुरमई नाही, हलवा नाही. पाट्यांमध्ये प्लास्टिकच्या नळ्या आहेत, त्यांच्यावर वाट्या, त्यांना वायरी. एक बाई नळी शेपटीला धरावी तशी उचलते. "घे गं येसू, ताजा आहे!"

"ताजा म्हणे," येसूबाय नाक मुरडते. "तुझ्या बापाने पाहिला होता का?"

पहिल्या पाटीत कळशीएवढं यंत्र. आत निळा दिवा, अंगावर चकाकी.

"परदेशी आहे," हासूराम हळूच सांगतो.

"गणपतीपुढे ठेवायला बरा. केवढ्याला?"

"तुझ्या पाटल्या जातील."

"तुझ्या इंजिनासाठी नाही मोडल्या पाटल्या, आता ह्या दोन घासांसाठी मोडू?"

दुसऱ्या पाटीत बोटाएवढं यंत्र, सगळ्यांत स्वस्त. ते सोड्याच्या बाटलीसारखं खदखदतंय. पाणी कमी, आवाज जास्त.

"हे घेऊ," येसूबाय म्हणते. "तुझ्यासारखंच आहे."

"बुडबुडे बघ त्याचे. वाटाण्याएवढे. मोठ्या बुडबुड्याला घाण चिकटत नाही गं. पिठासारखा बारीक पाहिजे."

"मग स्वस्त कसलं? पैसे पाण्यात."

तिसऱ्या पाटीशी बसायलाही कोणी नाही. त्यात एक साधी उभी नळी आणि तळाशी लाकडाचा तुकडा. हवेचा पंप लाकडातून हवा ढकलतो आणि लाकडाच्या रंध्रांतून पांढरं दूध वर चढल्यासारखं दिसतं. येसूबाय वाकून बघते. वाळू हलते. वाळू नाहीच ती, फळी आहे. दोघं त्यांच्या विकलेल्या होडीत समोरासमोर बसलीत, मध्ये तीन पाट्या. चारी बाजूंना समुद्र, आणि समुद्राला कडेने काच.

"पाणी कशानं बिघडलं, ठाऊक आहे ना तुला?" येसूबाय विचारते.

हासूराम काचेकडे बघतो.

"इकडे बघ. नारळी पुनवेला पेटीत नारळ सोडलास तू. तोही फोडून!"

"अख्खा मावत नव्हता."

"मावत नव्हता म्हणून फोडला! खोबऱ्याचं तेल सुटलं, वर साय धरली, खाली मासे घुसमटले. नारळ समुद्राला देतात रे, बादलीला नाही. अख्ख्या कोळीवाड्यात एवढी अक्कल कोणी पाजळली नसेल."

"मिरवणूक दारावरून गेली," तो म्हणतो. "बाजा ऐकला. तू बाजारात होतीस. मी दाराच्या कडीला धरून उठलो, ओटीपर्यंत आलो, पुढे पाय येईनात. लहानपणापासून एक पुनव चुकवली नव्हती. समुद्र घरात होता, त्याला दिला."

येसूबाय तोंडाला येईल ते फेकते, "चार हंड्यांचा समुद्र!"

"तेवढाच झेपत होता."

होडी डुलते. काचेबाहेरून दोन शेंदरी मासे आत बघतात, प्रत्येक मासा नावेएवढा. त्यांची तोंडं उघडतात, मिटतात.

"बरं, बरं," येसूबाय घाईने म्हणते. "ह्या तिघांतला चालतो कोण, ते कसं ओळखू? दुकानदार तर तिन्ही चांगलेच म्हणणार."

"मासा कसा घेतेस?"

"कल्ला उघडते, वास घेते. घाण आली की फेकते."

"इथे उलटं कर. वाटी उघड. वास नाही आला तर यंत्र नुसतंच फिरतंय. घाण आली तर कामाचं आहे."

"जन्मभर ज्या नाकावर पोट भरलं, ते आता उलटं लावू? सगळंच उलटं तुझं."

तरी ती वाट्या उघडते. निळ्या दिव्याच्या वाटीत नितळ पाणी, तीर्थासारखं. छोट्याच्या वाटीत तर तेही नाही. लाकडाच्या नळीवरची वाटी उचलताच तिचं डोकं मागे जातं. आत काळ्या चहासारखं काहीतरी आहे. ती दोन बोटं बुडवते आणि नाकाशी नेते. बांगड्याची पाटी दिवसभर उन्हात विसरली तर येईल तसला वास.

"अगं बाई गं!"

हासूराम हसतो. जाळं भरून वर आलं की हसायचा तसा, मान मागे टाकून.

"हाच घे. वापरून वापरून लाकूड कुजतं, मग नवं घाल. आणि आधी पाण्यावर कागद अंथरून तेल उचल. तेलावर फेस धरत नाही."

"म्हणजे यंत्र स्वस्त आणि चाकरी जन्माची."

"लग्नात तरी काय मिळालं तुला?"

"तोंड बघ बोलणाऱ्याचं."

"ठेवशील ना मासे?"

"ठेवीन असं मी कुठं म्हटलं?"

"आजी," तो म्हणतो.

"आजी? मी तुझी आजी?"

"आजी, उठा. पाच वाजले."

दारात निनाद उभा आहे. तीन खोकी जमिनीवर, घामेजलेला चेहरा. येसूबायची मान अवघडलीय. पेटीत मासे अजून वर आहेत, अजून तोंड हलवतायत.

"हा बघा आजी," निनाद पहिल्या खोक्याकडे वाकतो, "ह्यात रात्री निळा दिवा लागतो, एकदम..."

"दिवा आहे माझ्याकडे. देवापुढे. लाकडाचा कुठाय?"

"लाकडाचा?" तो तिच्याकडे बघत राहतो. "आणलाय, पण तो जुना प्रकार. कोणी विचारत नाही आता. सारखं लाकूड बदलावं लागतं, तुम्हाला त्रास..."

"मेला तरी त्रास देतोच आहे. बसव. पण आधी कागद घे आणि वरचं तेल उचल, नाहीतर फेस धरायचा नाही."

निनाद काही विचारणार असतो, तेवढ्यात त्याचं नाक आक्रसतं. तो पेटीवर वाकून हुंगतो, मग खोक्यांवर, मग नवलाने तिच्याकडे वळतो.

"आजी, हा वास कुठून येतोय? हा तर भरलेल्या वाटीचा वास. यंत्र अजून खोक्यातून काढलंही नाही."

येसूबाय उजवा हात उघडून बघते. दोन बोटं पेरापर्यंत तपकिरी, चिकट, नखांत काळी ओल. ती बोटं नाकाशी नेते.

"घाण," ती म्हणते, आणि पुन्हा एकदा वास घेते.