शाल्मली कधी येणार?

काठमांडूच्या बालगृहातून आम्ही निघालो तेव्हा पोर रडली नाही, आणि तेच मला खटकलं. सहा वर्षांची होती. फाटकापाशी बाकीची मुलं ओळीत उभी होती. तिनं सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला आणि रोजची सवय असल्यासारखी टॅक्सीत जाऊन बसली. रडत होते मी. लग्न होऊन सांगली सोडली तेव्हाही मी स्टेशनवर असा हंबरडा फोडला होता की हमालसुद्धा थांबून बघत राहिला. आमच्याकडे निघताना रडायचं असतं. न रडणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

आमचे हे गालिच्यांच्या एक्सपोर्टमध्ये, त्यामुळे पानिपत आणि काठमांडूच्या चकरा चालूच असायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. एका चकरेत मीही सोबत गेले, तिथल्या बालगृहात फूलमायाला पाहिलं आणि ठरवूनच टाकलं. तिची माझी भेट उणीपुरी दोनदा झाली असेल. पुढचं दीड वर्ष कागदपत्रांत गेलं.

त्या दीड वर्षात मी नोएडाचा नवा फ्लॅट सजवला. तेव्हा नोएडा म्हणजे अर्धं शहर आणि अर्धं शेत. बाल्कनीतून एकीकडे सरसोंची शेतं आणि म्हशी, दुसरीकडे ‘बुकिंग ओपन’च्या पाट्या. दिवसातून चारदा वीज जायची, पण केबलवर पन्नास चॅनेल. या एवढ्या नव्या जगात नव्या मुलीसाठी मी नवं नावही शोधलं, शाल्मली. यांनी ते खोलीच्या दारावर रंगवलं, मी ते डब्यावर, बाटलीवर, युनिफॉर्मच्या कॉलरला शिवलं. दप्तराच्या आतल्या कप्प्यालासुद्धा सोडलं नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तशातली गत.

यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. मी सांगलीची कुसुम. लग्नाच्या दिवशी यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मेधा’ लिहिलं, पेढे वाटले, संपला विषय. आई म्हणायची, ‘नव्या घरी नव्या नावानं जावं, जीव लवकर रमतो.’ माझा रमला की नाही ते कुणी विचारलं नाही, मीही सांगत बसले नाही.

दुसऱ्याच रविवारी आम्ही रीतसर बारसं केलं. सहा वर्षांच्या मुलीला पाळण्यात काय घालणार, पाटावर बसवली. महाराष्ट्र मंडळातल्या दहाबारा बायका जमल्या. माझ्या नणंदेनं तिच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं आणि रिवाजाप्रमाणे बाकीच्यांनी नणंदेच्या पाठीत धपाटे घातले. हशा पिकला. पोर मात्र डोळे विस्फारून बघत होती. तिला मराठीचा गंध नव्हता, हिंदी जेमतेम. तिला काय वाटलं असेल, याचा विचार मी आज करते. त्या दिवशी मला घुगऱ्या पुरतील की नाही याची काळजी होती.

पोर फार शहाणी निघाली, आणि तिथंच माझी फसगत झाली. जेवली की स्वतःचं ताट धुवायची. काही मागायची नाही, हट्ट नाही, चिडणं नाही. नवा पलंग सोडून त्याच्याशेजारी सतरंजीवर झोपायची. नव्या रंगपेटीला हात लावायची नाही, बालगृहातून आणलेल्या पेन्सिलीच्या थोटकानं लिहायची. लाडू दिला की अर्धा खायची, अर्धा डब्यात ठेवायची. शेजारच्या पंजाबी आंटी म्हणायच्या, ‘बिल्कुल गाय है आपकी बेटी!’ आणि मी मेली खूश व्हायची. घरी मी तिला ‘बाळा’ म्हणायची, ती पळत यायची. सगळं छान चाललंय असंच मला वाटत होतं.

मग शाळेतून चिठ्ठी आली. हजेरीत नाव पुकारलं तरी मुलगी उत्तर देत नाही, ढिम्म बसून राहते. कान तपासून घ्या. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. मग मी घरीच हजेरी घेऊन पाहिली. ‘शाल्मली’ म्हटलं की ती मान वळवून दाराकडे बघायची. चार वेळा म्हटलं, चारही वेळा दाराकडे. पाचव्यांदा मी ओरडले. माझा राग म्हणजे दूध उतू जातं तसा, गॅस बंद करेपर्यंत सांडून मोकळा. मग मला माझीच लाज वाटली.

प्रिन्सिपलबाईंनी बोलावून सांगितलं की दिवाळीनंतरही असंच राहिलं तर तिला ठेवता येणार नाही, वेगळ्या मुलांची शाळा बघा. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले. काय चुकतंय तेच कळेना. कुणाला विचारावं तर ज्याचं त्याचं वेगळंच. नणंद म्हणाली दृष्ट काढ, हे म्हणाले वेळ दे, आणि सांगलीहून आईनं फोनवर सांगितलं, ‘लेकरू आहे, कुशीत घेऊन झोप.’ कुशीत घेतलं की ती लाकडासारखी ताठ व्हायची.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी चकल्या तळत होते. एव्हाना तिची हिंदी-मराठीची खिचडी बरी शिजू लागली होती. ती अर्ध्या लाडवांचा डबा घेऊन ओट्यापाशी आली. डबा गच्च भरला होता, खालचे लाडू खवट झाले होते. ती म्हणाली, “हे खराब होतात. शाल्मली कधी येणार?”

मला आधी समजलंच नाही. मग हळूहळू, विचारून विचारून, तिच्याकडून निघालं. बालगृहात परदेशी लोक यायचे, एका मुलाचं नाव पुकारलं जायचं, ते मूल जायचं. ज्यांचं नाव नाही त्यांनी गप्प बसायचं. दुसऱ्याच्या नावाला उठलं तर मार. आणि इथं येऊन पाहिलं तर दारावर, डब्यावर, कॉलरवर, सगळीकडे शाल्मली. म्हणजे यांना शाल्मली हवी होती, बालगृहवाल्यांनी चुकून आपल्याला पाठवलं. बोललो तर चूक उघडी पडेल. म्हणून तिनं काही वापरलं नाही. जिचं तिला नीट मिळावं.

मी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, अगं, शाल्मली म्हणजे तूच, दुसरी कुणी येणार नाही. मला वाटलं ती हसेल. ती जास्तच घाबरली.

“मग फूलमाया कुठं गेली?”

चकल्या करपल्या.

शाळेत जाऊन मी बाईंना विनवलं. रजिस्टरमध्ये बदलायचं तर अ‍ॅफिडेव्हिट, कोर्ट, सतरा भानगडी, पण तोंडी फूलमाया म्हणायला त्या तयार झाल्या. पहिल्याच दिवशी ती ताडकन उठली आणि नेपाळीत ‘हजूर’ म्हणाली. वर्ग हसला, म्हणे तीही हसली. आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तुझं नाही का बदललं? तू मेलीस का?” मेले नव्हते, पण मग हुंदका कसला आला तेही कळलं नाही. नाव बदललं ही चूक, की न सांगता बदललं ही? आजही माझा गोंधळ आहे.

आता ती जर्मनीत नोकरी करते. पासपोर्टवर शाल्मली, मित्रांत फूलमाया. मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं, सांगली की नोएडा? सांगलीकरांनो, रागावू नका, आणि माझ्यासारखं गाव सोडून बसलेल्यांनो, हसू नका, मला सरळ उत्तर देता येत नाही. मला फक्त त्या दिवाळीनंतरच्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ आठवते. तिनं पहिल्यांदाच कारल्याची भाजी खायला नकार दिला. ताट ढकललं, पाय आपटले, नेपाळीत काय काय ओरडली. माझं दूध उतू गेलं आणि तोंडातून निघून गेलं, “थांब, तुला परतच पाठवून देते!”

जे बोलू नये ते नेमकं मी बोलले होते. पोर हुंदके देत उभी होती. मग नाक पुसून, माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, “पाठव. मी परत येईन. मला पत्ता पाठ आहे.”

आणि फ्लॅट नंबर, ब्लॉक, सेक्टर, नोएडा, एका दमात सगळं म्हणून दाखवलं, पिनकोडसकट. पिनकोड तर मलाही पाठ नव्हता.