माप न लागणारा स्कार्फ

तीर्थस्थळाचा मनोरा दिसायला लागला तशी आमच्या पोरांनी गाण्याची पट्टी वाढवली आणि मावशी मध्येच थांबली. उजाडल्यापासून आम्ही चालत होतो. मला वाटलं, पाय बोलायला लागले असतील. पण ती लोकांच्या माना बघत होती.

"पिवळा, जांभळ्या काठाचा," ती म्हणाली. "दिसला की सांग."

देशोदेशीची तरुण पोरं झेंडे खांद्यावर टाकून चालली होती आणि निम्म्यांच्या गळ्यात पिवळंच काहीतरी होतं.

मावशी आमच्या चर्चची शिवणवाली. वेदीची वस्त्रं तिची, शाळेचे गणवेशही तिचेच. लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत मशीन, आणि मशीनखाली कापलेल्या चिंध्यांत तिची मुलगी वाढली. नवरा लवकर गेला. मुलगी परदेशात एका वृद्धाश्रमात कामाला लागली, त्याला पाच वर्षं झाली. जगभरच्या कॅथलिक तरुणांच्या या मेळाव्याला ती तिकडच्या गटाबरोबर येणार होती आणि उद्या प्रार्थना झाली की तशीच विमानतळावर. रजाच तेवढी. मावशीने तिला टपालाने स्कार्फ पाठवला होता, गर्दीत ओळखायला.

"ब्लाउज पाठवायचा ना," मी म्हटलं होतं.

"कुठल्या मापाने? आता तिचं माप माझ्याकडे नाही. स्कार्फला माप लागत नाही."

सकाळपासून फोन कुणाचाच लागत नव्हता. एवढी पोरं एका जागी म्हटल्यावर लागणार कसा?

पाण्याच्या टाकीजवळ मावशी एकदम पळाली. साठीची बाई, गुडघे धरलेले, पण पळाली. पिवळ्या स्कार्फवाल्या एका मुलीचा तिने दंड धरला. मुलगी वळली. चेहरा परका होता.

काठ मात्र मावशीचाच, दुहेरी टिपेचा.

या मेळाव्यात पोरं आठवण म्हणून एकमेकांना टोप्या, बिल्ले, स्कार्फ देऊन टाकतात. आमच्या पोरांनी तर दुपारपर्यंत टोप्या वाटूनही संपवल्या होत्या. हे सगळं आमच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, तरी हाही स्कार्फ असा जाईल हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारलं. सकाळी एका मुलीने दिला, म्हणाली. फार हसरी होती. आता कुठे असेल कोण जाणे, आणि तिने समोरच्या अख्ख्या मैदानाकडे हात केला.

"हसरी?" मावशी म्हणाली. "माझी? विचार, वाळलीय का."

मी हातांनी विचारलं. त्या मुलीने हात चांगले लांब पसरून दाखवले.

"खातेय मग," मावशी म्हणाली आणि पदराने तोंड पुसलं.

मुलीला काय उमगलं देव जाणे. तिने स्कार्फ काढून मावशीच्या गळ्यात घातला. मावशीनेही रीतीप्रमाणे आपली टोपी तिच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

मैदानात आम्ही चटई टाकली. ऊन उतरलं होतं. वेदीवर मेणबत्त्या लावत होते. थोड्याच वेळात पवित्र साक्रामेंत, म्हणजे प्रभू स्वतः जिच्यात असतो ती भाकर, बाहेर आणून आराधना सुरू होणार होती. मी माळ काढली. मावशी स्कार्फची घडी घालत होती आणि पुन्हा मोडत होती.

"आराधनेला सगळी गुडघे टेकतात ना?"

"टेकतात की."

"एवढी सगळी?"

"साक्रामेंतासमोर कोण उभं राहील, मावशी?"

तिने घडी पुन्हा मोडली. "मी उभी राहिले तरी बसल्यासारखीच दिसते. तू उंच आहेस. तिने स्कार्फ दिलाय खरा, पण काठ ती विसरायची नाही."

मला कळलं ती काय मागणार आहे. आजवर मी साक्रामेंतासमोर कधी उभी राहिले नव्हते.

तिने स्कार्फ माझ्या हातात दिला.

"सगळी खाली वाकली की तू तेवढी उभी राहा. हा वर धरून. मी तुझ्या पायाशी दोघींच्या वाटचे गुडघे टेकते. प्रभू लहानपणी देवळात मागे राहिला तेव्हा त्याची आईसुद्धा त्याला शोधत फिरली होती. त्याला राग यायचा नाही. राहशील ना?"